एक हजार त्रेसष्ट आणि शून्य: हाँगकाँगमधल्या एका वनौषधी मिश्रणाचं प्रकरण

मार्च 2003. हाँगकाँगच्या शा टिन भागातलं प्रिन्स ऑफ वेल्स हॉस्पिटल. 4 तारखेला तिथल्या 8ए वॉर्डात 26 वर्षांचा एक तरुण दाखल झाला. ताप, खोकला, न्यूमोनिया. कफ सुटावा म्हणून त्याला नेब्युलायझर लावला होता, आणि त्या वाफाऱ्याबरोबर विषाणूही वॉर्डभर पसरत होता हे तेव्हा कुणाला ठाऊक नव्हतं. आठवडा उलटायच्या आत त्या वॉर्डातले डॉक्टर, परिचारिका, मदतनीस आणि खाटेभोवती उभं राहून शिकणारे वैद्यकीय विद्यार्थी एकामागून एक तापाने पडायला लागले. फुप्फुसांवर हल्ला करणाऱ्या या आजाराला सार्स हे नावही अजून पडलं नव्हतं.

साथ आली होती शेजारच्या ग्वांगडाँग प्रांतातून. तिथला एक डॉक्टर 21 फेब्रुवारीला मेट्रोपोल हॉटेलच्या नवव्या मजल्यावर उतरला आणि त्या एका मजल्यावरून आजार हाँगकाँगसह अनेक देशांत गेला. 23 जूनला जागतिक आरोग्य संघटनेने हाँगकाँगला बाधित यादीतून वगळलं, तोवर तिथे 1,755 जणांना लागण झाली होती आणि 299 जण गेले होते. लागण झालेल्यांपैकी 386 जण आरोग्य कर्मचारी होते आणि त्यातले आठ परत कामावर आलेच नाहीत.

हे आकडे आधी सांगितले, कारण पुढे ज्या औषधाची चिकित्सा करायची आहे ते या माणसांसाठी बनलं होतं. सहकारी अतिदक्षता विभागात आहे, उद्या आपली पाळी आहे, लस नाही, खात्रीचं औषध नाही, अशा वेळी कुणीतरी म्हणतं, "हे चौदा दिवस घेऊन बघ." या मागणीत हसण्यासारखं काहीच नाही. मी औषधनिर्माणशास्त्राच्या विद्यार्थ्यांना वनस्पतीजन्य औषधं शिकवते, आणि 'रोगप्रतिकारशक्ती संतुलित ठेवणारी चिनी वनौषधी' हा विषय निघाला की हेच एक प्रकरण फळ्यावर मांडते.

औषध कोणतं होतं

8ए वॉर्डातले ते विद्यार्थी चायनीज युनिव्हर्सिटी ऑफ हाँगकाँगचे. त्याच विद्यापीठात पारंपरिक चिनी औषधांवर संशोधन करणारी संस्था होती आणि लिउंग पिंग-चुंग हे अस्थिशल्यचिकित्सेचे प्राध्यापक ते काम पुढे नेत होते. त्यांच्या गटाने दोन जुन्या योगांना एकत्र आणून, थोडा फेरफार करून एक मिश्रण तयार केलं.

पहिला योग सांग-चू-यिन. तुतीची पानं आणि शेवंतीची फुलं ही त्यातली मुख्य जोडी. सोबत पुदिन्याच्या जातीची वनस्पती, जर्दाळूच्या बिया, ज्येष्ठमध वगैरे. तो वू जूतोंग (1758–1836) यांच्या नावाने ओळखला जातो. वडील आजाराने गेल्यावर हे गृहस्थ वैद्यकाकडे वळले आणि तापाच्या साथींवर त्यांनी आयुष्यभर काम केलं. नुकता सुरू झालेला, खोकल्यासह येणारा ताप हे सांग-चू-यिनचं काम.

दुसऱ्या योगाचं नाव यू-पिंग-फंग-सान. शब्दशः अर्थ वाऱ्यापासून आडोसा करणाऱ्या जेडच्या पडद्याचं चूर्ण. यात तीनच वनस्पती, ह्वांगछी, बाईझू आणि फांगफंग. हा योग बहुतेक वेळा झू दानशी (1281–1358) या वैद्यांच्या परंपरेशी जोडला जातो. चिनी वैद्यकात वारा म्हणजे बाहेरून शरीरात शिरणारं रोगाचं कारण. आपल्याकडे आजी म्हणायची, "कानाला रुमाल बांध, वारं लागेल." तोच वारा. आणि फांगफंग या शब्दाचा अर्थच 'वारा अडवणारं'.

ह्वांगछीचे काप माझ्या टेबलावर असतात. हाँगकाँगच्या शुंग वान भागात को शिंग स्ट्रीट नावाची रस्ताभर औषधी मुळ्यांच्या दुकानांची गल्ली आहे, तिथून एका माजी विद्यार्थ्याने आणून दिलेले. डॉक्टर जीभ दाबून घसा बघायला जी पट्टी वापरतात, तसे लांबट, चपटे, फिकट पिवळे काप. कडेला तपकिरी साल, आत किरणांसारख्या रेघा. एक काप दाढेखाली धरून चावला की आधी दोरखंडासारखा चिवट लागतो, मग हळूहळू गोडसर रस सुटतो आणि तोंडात कच्च्या वाटाण्याची चव येते. ती यायलाच हवी, कारण ही वाटाण्याच्याच कुळातली वनस्पती आहे. मुलांना मी हे चाखायला लावते. मुळी बदलली तर जीभ आधी सांगते, प्रयोगशाळा नंतर.

निकाल

हाँगकाँगमधल्या 11 रुग्णालयांतल्या 1,063 कर्मचाऱ्यांनी स्वखुशीने हे मिश्रण दोन आठवडे घेतलं. बाकीच्या कर्मचाऱ्यांनी घेतलं नाही. मग दोन्हीकडचे सार्सचे रुग्ण मोजले. न घेणाऱ्यांत 0.4 टक्के लोकांना सार्स झाला. घेणाऱ्यांत एकालाही नाही. सर्दीतापासारख्या तक्रारी कमी झाल्याचं घेणाऱ्यांनी नोंदवलं आणि किरकोळ त्रास दोन टक्क्यांहून कमी जणांना झाला. हा अभ्यास 2005 साली प्रसिद्ध झाला.

एक हजार त्रेसष्ट जणांत शून्य! हे वाक्य कुठेही छापलं तर वाचणारा थबकतो. 2020 साली कोविड आला तेव्हा प्रतिबंधासाठी चिनी वनौषधींचा पुरस्कार करणाऱ्या लिखाणात हा दाखला पुन्हा पुन्हा आला.

आता कागद-पेन्सिल घेऊन बसू या. 0.4 टक्के म्हणजे हजारात चार. औषधाचा काहीही उपयोग नसता, तर 1,063 जणांत किती रुग्ण अपेक्षित होते? 1,063 गुणिले 0.004. उत्तर येतं 4.25. सगळा दावा या सव्वाचार माणसांवर उभा आहे. सार्स न झालेली हजार माणसं हा पुरावा नव्हे, कारण औषध न घेणाऱ्या हजारांतल्याही 996 जणांना तो झालाच नव्हता.

मग चारांच्या जागी शून्य निव्वळ योगायोगाने यायची शक्यता किती? प्रत्येक माणूस वाचण्याची शक्यता 0.996. ही संख्या स्वतःशीच 1,063 वेळा गुणायची. कॅल्क्युलेटरवर 0.014 येतं, म्हणजे शंभरात साधारण दीड वेळा. शोधनिबंधातही नेमका हाच आकडा आहे, 0.014. संशोधकांनी कुठेही लपवाछपवी केलेली नाही, हे मला मुद्दाम सांगावंसं वाटतं. गणित बरोबर आहे.

अडचण आहे ती गणिताच्या पोटातल्या गृहीतकात. 0.996 ला 0.996 ने गुणताना आपण असं धरतो की प्रत्येकाला होणारी लागण सुटी सुटी आहे, एकाचा दुसऱ्याशी संबंध नाही. सार्स तसा पसरलाच नाही. तो झुंडीने पसरला. एका वॉर्डात एका नेब्युलायझरमुळे डझनावारी माणसं, आणि शेजारच्या इमारतीत कुणीच नाही. समजा लागण चार-चारच्या घोळक्याने होते. मग अपेक्षित सव्वाचार रुग्ण म्हणजे जेमतेम एक घोळका, आणि तो एक घोळका टळण्याची शक्यता शंभरात सुमारे 35. घोळके दहा-दहाचे धरले तर ती 65 वर जाते. औषध घेणाऱ्यांच्या वॉर्डात तो एक रुग्ण आलाच नाही, एवढ्याने शून्य होतं. हे चार आणि दहा मी समजावण्यासाठी घेतले आहेत, पण सार्स पाहिलेल्या कुणालाही त्यात अतिशयोक्ती वाटणार नाही.

दुसरा प्रश्न घड्याळाचा. ज्या दिवशी एखाद्या परिचारिकेने पहिली मात्रा घेतली, त्या दिवशी ती निरोगी होती. तशी असणं भागच होतं. मार्चच्या पहिल्या तडाख्यात जे पडले त्यांना हे औषध घ्यायची संधी मिळाली नाही. साथीत दोन गटांची तुलना करताना घड्याळ दोघांसाठी एकाच दिवशी सुरू व्हायला हवं. एकाची मोजणी आठवडाभर आधी सुरू झाली तर मधल्या दिवसांतले रुग्ण त्याच्या खात्यावर चढतात आणि दुसरा गट फुकट चांगला दिसतो.

तिसरा प्रश्न स्वखुशीचा. स्वतःहून पुढे येऊन चौदा दिवस नेमाने औषध घेणारा माणूस बहुधा हातही नेमाने धुतो, मुखपट्टी नीट बांधतो, घरी जाऊन नीट झोपतो. औषधाचा गुण कुठला आणि माणसाचा कुठला, हे वेगळं काढायचं तर चिठ्ठ्या टाकून गट पाडावे लागतात आणि दुसऱ्या गटाला तसंच दिसणारं, तसंच लागणारं, पण औषध नसलेलं काहीतरी द्यावं लागतं. ते झालं नाही.

मुखपट्टीलाही तोच निकष

इथे एक हुशार विद्यार्थी दरवर्षी हात वर करतो. "मॅडम, मुखपट्टी तरी कुठे चिठ्ठ्या टाकून तपासली होती?"

प्रश्न रास्त आहे. हाँगकाँगमधल्याच पाच रुग्णालयांतल्या 254 कर्मचाऱ्यांचा अभ्यास 2003 मध्येच प्रसिद्ध झाला. त्यातल्या 13 जणांना सार्स झाला होता. मुखपट्टी, हातमोजे, अंगरखा आणि हात धुणं या चारही गोष्टी पाळल्याचं 69 जणांनी सांगितलं आणि त्यांच्यात एकही रुग्ण नव्हता. पुन्हा शून्य. आपलं गणित इथे लावलं तर अपेक्षित रुग्ण साडेतीन, आणि शून्य योगायोगाने येण्याची शक्यता शंभरात अडीच-तीन. आकड्यांपुरतं बोलायचं तर मुखपट्टीचा पुरावा वनौषधी मिश्रणाच्या पुराव्यापेक्षा कमजोर होता! हे पहिल्यांदा मांडून पाहिलं तेव्हा मी बराच वेळ त्या कागदाकडे बघत बसले होते.

फरक आकड्यांत नाही, रचनेत आहे. ते 254 जण सगळेच्या सगळे सार्सच्या ठरावीक 11 रुग्णांच्या संपर्कात आल्याची नोंद होती. म्हणजे धोका प्रत्येकाच्या दारापर्यंत आलेला होता, हे माहीत होतं. औषधाच्या अभ्यासात 'बाकीचे कर्मचारी' म्हणजे त्या रुग्णालयांतले सगळेच उरलेले. कुणी सार्सच्या वॉर्डात, कुणी त्यापासून दूरच्या विभागात. शिवाय थेंब कापडाने अडतात हे सार्सच्या आधीपासून माहीत होतं आणि पुढेही ठिकठिकाणी दिसत राहिलं. मिश्रणाच्या शून्यामागे असा आधार उभा करायला हवा होता. तो उभा करण्याचा एक प्रयत्न झाला, आणि 'संतुलन' हा शब्द नेमका तिथेच आत येतो.

1.31 ते 1.41

त्याच मिश्रणावरचा दुसरा अभ्यास 2006 मध्ये आला. 37 निरोगी स्वयंसेवकांनी ते 14 दिवस घेतलं. आधी आणि नंतर रक्त तपासलं. पाहिलं काय, तर सीडी4 आणि सीडी8 या दोन प्रकारच्या पांढऱ्या पेशींचं गुणोत्तर.

सीडी4 पेशी हाका मारणाऱ्या. धोका दिसला की बाकीच्यांना बोलावतात, प्रतिपिंडं बनवणाऱ्या पेशींना कामाला लावतात. सीडी8 पेशी थेट मारणाऱ्या. विषाणूने बळकावलेली आपलीच पेशी त्या नष्ट करतात. एचआयव्हीमध्ये सीडी4 घटतात आणि गुणोत्तर कोसळतं, म्हणून हा आकडा डॉक्टरांच्या ओळखीचा. स्वयंसेवकांत तो सरासरी 1.31 वरून 1.41 झाला. संख्याशास्त्राच्या भाषेत हा फरक लक्षणीय ठरला.

पण 1.31 हाही निरोगी माणसाचा आकडा आणि 1.41 हाही. सकाळचं रक्त आणि संध्याकाळचं रक्त यांत पांढऱ्या पेशींची संख्या हलते. झोप बिघडली, ताण आला, सर्दी होऊन गेली, तरी हलते. या अभ्यासात औषध न घेणारा वेगळा गट नव्हता, प्रत्येकाची तुलना त्याच्या स्वतःशीच. आणि समजा ती वाढ खरोखर औषधामुळे झाली, तरी 1.41 चा माणूस 1.31 च्या माणसापेक्षा सार्सपासून जास्त सुरक्षित असतो असं कशावरून म्हणणार? प्रतिकारयंत्रणेत आकडा हलणं म्हणजे संरक्षण मिळणं नव्हे. या दोन गोष्टींमधलं अंतर जाहिरातीत एका ओळीत ओलांडलं जातं, आणि मला त्याचीच चिंता वाटते.

प्रतिकारशक्ती म्हणजे पाण्याची टाकी नाही, की भरली की झालं. सार्सच्या गंभीर रुग्णांत फुप्फुसांची नासधूस करण्यात विषाणूइतकाच शरीराच्या स्वतःच्या दाहाचाही हात होता, आणि तो आवरायला डॉक्टर स्टेरॉइड देत होते. तिथे प्रतिकार 'वाढवणारं' औषध हवं की 'आवरणारं'? आजाराच्या तिसऱ्या दिवशीचं उत्तर वेगळं असू शकतं आणि बाराव्या दिवशीचं वेगळं.

परंपरा स्वतः काय म्हणते

ही गोष्ट चिनी वैद्यांना आपल्याआधी माहीत होती असं मला वाटतं, आणि या प्रकरणात सर्वांत कमी बोललं जातं ते याबद्दलच.

यू-पिंग-फंग-सान हा सरसकट सगळ्यांनी घ्यायचा योग कधीच नव्हता. चिनी वैद्यकात वेई-छी नावाची एक कल्पना आहे. वेई म्हणजे रक्षण. त्वचेच्या आतल्या बाजूने फिरणारी, रंध्रांची दारं उघडणारी-मिटणारी शक्ती. ती दुबळी झाली की माणसाला काही न करता घाम फुटतो, चेहरा फिकट पडतो, जरा वारा लागला की सर्दी धरते. अशा माणसासाठी हे तीन वनस्पतींचं चूर्ण. ह्वांगछी आतून बळ देते, बाईझू पचन सावरून तिला साथ देते, आणि फांगफंग बाहेरचा वारा हुसकते. नुसती ह्वांगछी दिली तर दारं घट्ट मिटतील, म्हणून सोबत दार किंचित किलकिलं ठेवणारी फांगफंग. देणं आणि सोडणं एकाच पुडीत. 'संतुलन' या शब्दाला इथे नेमका अर्थ आहे.

आणि त्याबरोबरच एक ताकीद. चिनी वैद्य म्हणतात, चोर घरात असताना दार लावून घेऊ नका. रोग शरीरात शिरल्यावर बळ वाढवणारं, दारं मिटवणारं औषध दिलं तर चोर आतच कोंडला जातो. म्हणून ताप चढलेल्या माणसाला ह्वांगछी देताना जुना वैद्य दहादा विचार करतो. नाडी बघतो, जिभेवरचा थर बघतो, घामाबद्दल विचारतो.

2003 च्या मिश्रणात ही अडचण ओळखलेली दिसते, कारण बळ देणाऱ्या योगाला ताप उतरवणाऱ्या सांग-चू-यिनची जोड दिली होती. तरी 1,063 जणांना एकच औषध गेलं. कुणाला घाम येत होता, कुणाला येत नव्हता. कुणी बलदंड, कुणी रात्रपाळ्यांनी खंगलेलं. परंपरेच्या निकषावर ही चाचणी परंपरेची नव्हती, कारण माणूस पाहून औषध दिलं नव्हतं. आधुनिक निकषावर ती आधुनिक नव्हती, कारण चिठ्ठ्या टाकल्या नव्हत्या. दोन्ही बाजूंची शिस्त मधल्या मध्ये निसटली. या प्रकरणाबद्दल माझं म्हणणं विचाराल तर एवढंच आहे, आणि ते दोष देण्यासाठी नाही. साथीच्या धुमश्चक्रीत त्या लोकांनी निदान मोजलं तरी. ग्वांगडाँगमध्ये फेब्रुवारीत लोक घरोघरी व्हिनेगर उकळत होते आणि बानलानगन नावाच्या मुळीचे भाव आभाळाला भिडले होते. त्याची मोजदाद कुणी केली?

माणूस निवडून दिलं तर

याच यू-पिंग-फंगची शिस्तीत झालेली चाचणीही आहे, म्हणून चित्र एकांगी राहायला नको. चीनमध्ये धूम्रपान वा धुराने फुप्फुसांतल्या श्वासनलिका कायमच्या अरुंद झालेल्या 240 रुग्णांचे चिठ्ठ्या टाकून दोन गट केले. एकाला या योगाचे दाणे, दुसऱ्याला तसेच दिसणारे औषधाविना दाणे, पूर्ण 52 आठवडे. कुणाला काय मिळतंय हे रुग्णालाही माहीत नाही आणि डॉक्टरलाही नाही. 2018 मध्ये निकाल आला. औषधाच्या गटात दम बळावण्याचे प्रसंग वर्षाला सरासरी 1.15, दुसऱ्या गटात 1.55. चमत्कार नाही, पण धडधडीत फरक. वरचेवर छातीचा संसर्ग होणारे, खंगलेले रुग्ण, म्हणजे जुन्या वैद्यांनी ज्यांच्यासाठी हा योग सांगितला त्यांच्याच जवळपासचे. दुसऱ्या कुणीतरी, दुसऱ्या देशात हीच चाचणी पुन्हा करायला हवी, आणि हाच निकाल आला तर मला मनापासून आनंद होईल.

सार्स झालेल्यांना उपचारात चिनी औषधं दिल्याचे जे अभ्यास झाले, ते पुढे एकत्र करून तपासले गेले. आधुनिक उपचारांना वनौषधींची जोड दिल्याने मृत्यू कमी झाले असं त्यात दिसलं नाही. काही लक्षणं लवकर उतरल्यासारखी दिसली, पण त्या अभ्यासांचा दर्जा कच्चा होता.

मग 2003 मध्ये नीट चाचणी करायची म्हटली असती तर? हेही मी फळ्यावर मांडते. लागणीचं प्रमाण 0.4 टक्के आहे आणि औषधाने ते निम्म्यावर येतं असं धरू. हा फरक खात्रीने पकडायचा तर प्रत्येक गटात जवळपास 12,000 माणसं लागतात. दोन्ही मिळून 24,000. लागण घोळक्याने होते हे धरलं तर त्याहूनही जास्त. साथ ऐन भरात असताना एवढ्या कर्मचाऱ्यांच्या चिठ्ठ्या टाकायच्या, सारखी दिसणारी दोन औषधं बनवायची आणि तीही दोन आठवड्यांत. 23 जूननंतर तर नवे रुग्णच उरले नाहीत. प्रश्न तिथेच थांबला.

आपल्याकडे

2020 साली आपण याच जागी उभे होतो. 31 मार्चला आयुष मंत्रालयाने तुळस, दालचिनी, मिरे, सुंठ, मनुका यांचा काढा सुचवला. गुळवेलीच्या गोळ्या दुकानातून संपल्या. किती जणांनी काय आणि किती दिवस घेतलं, न घेणाऱ्यांच्या तुलनेत काय झालं, याची हाँगकाँगइतकीही मोजणी बहुतेक ठिकाणी झाली नाही. एक मोजणी मात्र झाली आणि ती उलट्या दिशेची. सप्टेंबर ते डिसेंबर 2020 मध्ये मुंबईच्या यकृततज्ज्ञांना गुळवेल घेणारे सहा रुग्ण कावीळ आणि यकृताची सूज घेऊन आलेले दिसले. पुढे देशभरातल्या 13 केंद्रांतून असे 43 रुग्ण नोंदवले गेले. यकृताची ही सूज बऱ्याच जणांत शरीराची प्रतिकारयंत्रणा स्वतःच्याच यकृतावर उलटल्यासारखी होती. लाखो लोकांनी घेतली आणि त्यांना काही झालं नाही, हे खरंच. आयुष मंत्रालयाने या निष्कर्षावर आक्षेपही घेतला. पण प्रतिकारशक्तीला खरोखर हात लावणारी वनस्पती कुणाच्या तरी शरीरात तो हात जोरात लावणार, हे धरूनच चालायला हवं. गुण असेल तिथे अवगुणही असतो, हे औषधशास्त्राचं पहिल्या दिवशीचं वाक्य.

ह्वांगछीलाही हे लागू आहे. अवयव-प्रत्यारोपण झालेले, ल्युपस (प्रतिकारयंत्रणा स्वतःच्याच शरीरावर उलटण्याचा आजार) किंवा संधिवातासाठी प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं घेणारे, यांना ती टाळायला सांगतात, कारण एक औषध ज्या यंत्रणेला आवरतंय तिला दुसरं डिवचू शकतं.

गेल्या दिवाळीत माझी एक मावसबहीण घरी आली होती. आठ वर्षं आमवातासाठी तिचं मेथोट्रेक्सेट हे प्रतिकारशक्ती दाबणारं औषध चालू आहे. भाचा सिंगापूरहून आला, त्याने तिच्यासाठी ह्वांगछीच्या कॅप्सूल आणल्या. बाटलीवर 'संतुलित रोगप्रतिकारशक्तीसाठी' अशा अर्थाची ओळ. "अगं, नैसर्गिकच आहे ना, मुळीच तर आहे," ती म्हणाली. महिनाभर घेत होती. मी तिला टेबलावरचा ह्वांगछीचा काप चावायला दिला, ती म्हणाली, छान गोड आहे. मग तिला हाँगकाँग सांगितलं नाही, सव्वाचार माणसंही नाहीत. फक्त विचारलं, डॉक्टरांना दाखवलीस का बाटली?

दाखवली नव्हती. तिथेच बाटलीच्या चारही बाजूंचे फोटो काढले आणि तिने ते तिच्या संधिवाततज्ज्ञांना पाठवले. संध्याकाळी पणत्या लावत होतो तेव्हा त्यांचं उत्तर आलं. कॅप्सूल आजपासून बंद करा, मेथोट्रेक्सेटची या आठवड्याची गोळी घेण्याआधी यकृताची रक्ततपासणी करून घ्या, आणि सोमवारी येताना बाटली घेऊन या.